मागल्याचा वाटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रस्ते राजाचे नव्हते, चालणाऱ्यांचे होते. लहानांनी मांडी घालून ऐकावी, मोठ्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकावी. आणि ज्यांना एका जागी बसवत नाही, त्यांनी तर दाराला कडी घालून ऐकावी, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

एका लांबच लांब डोंगररांगेच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात अंबाडीचे दोर वळणारा एक माणूस आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत होता. दोर वळायचं काम मोठं सबुरीचं. एकाने चाक फिरवत बसायचं आणि दुसऱ्याने कमरेला अंबाडीचा पुंजका बांधून, बोटांतून तंतू सोडत, एकेक पाऊल मागे मागे जायचं. चाक आई फिरवायची. मागे जाणं मुलाच्या वाट्याला होतं, आणि मुलाला मागे जायचं म्हटलं की घाम फुटायचा.

पाच पावलं नीट जायची, सहाव्याला नजर डोंगराकडे लागायची, सातव्याला पीळ सैल पडायचा. त्याच्या दोराने बांधलेली म्हैस दुपारपर्यंत सुटायची आणि मालक तावातावाने त्याच्या दारात यायचा. तोवर हा दुसरीकडेच कुठे तरी गेलेला असायचा. शेवटचा घास तोंडात असतानाच तो उंबऱ्यात उभा असायचा आणि म्हणायचा, "निघालो!" गावाने त्याचं नावच निघालोबा ठेवलं. खरं नाव आईला तेवढं आठवत होतं.

एकदा चाललेली वाट पुन्हा चालणं निघालोबाला शिळ्या भातासारखं वाटायचं. विहिरीवर एका वाटेने गेला तर परत दुसरीने यायचा, मग घागर निम्मी सांडली तरी चालेल.

त्याला एक मोठी बहीण होती. तिने त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं आणि ती लग्न होऊन रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठी गेली होती. बारा वर्षांत तिची भेट नव्हती. रांगेच्या माथ्यावरून पायवाट जायची, दहा दिवसांची. दुसरा रस्ता होता तो खालून, मिठाच्या तांड्यांचा, पण त्याने दोन महिने लागत.

एका थंडीत समुद्राकडून एक निरोप्या ती पायवाट चालून आला. आईच्या पुढ्यात बसून त्याने निरोप सांगितला. "तुमच्या लेकीच्या सासरची माणसं समुद्रापलीकडच्या बेटावर राहायला चालली आहेत. पौषातल्या पुनवेला गलबत सुटेल. तिकडे गेलेलं माणूस पुन्हा इकडे येत नाही. तिने सांगितलंय, आईला माझा नमस्कार सांगा."

आई चाकावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "दहा दिवसांची वाट. माझ्या गुडघ्यांना नाही झेपायची. बाळा, तू जा. तिला डोळे भरून बघ आणि माझ्या वाटणीचंही बघ."

एवढं ऐकायचा अवकाश, निघालोबाच्या पायांत वारं भरलं. पुनवेला अजून चोवीस दिवस होते. दहा दिवसांची सावकाश चाल चालला असता तरी बहिणीजवळ तेरा दिवस राहता आलं असतं. पण दहा हा आकडाच त्याला सोसवेना. त्याने एक सपाट फळी घेतली, कोळशाने तिच्यावर डोंगराची कड काढली, नऊ मुक्कामांच्या नऊ खुणा केल्या आणि दिवसभर अंगणात येरझारा घालत त्या खुणा पुसत आणि मांडत राहिला. संध्याकाळी त्याने जाहीर केलं, "दहा दिवसांची वाट सहा दिवसांत! दुपारची भाकरी एका झोपडीत, रात्रीची झोप पुढच्या झोपडीत. आणि येताना मी मिठाच्या तांड्याबरोबर खालून येणार. या वाटेने काही मी परत यायचा नाही."

आता या झोपड्यांविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच अडणार आहे.

डोंगराच्या माथ्यावर थंडी अशी, की रात्री उघड्यावर राहिलेला माणूस सकाळी हाक मारून उठत नसे. म्हणून एकेका दिवसाच्या अंतरावर दगडाच्या नऊ झोपड्या कोणी तरी कधी तरी बांधून ठेवल्या होत्या. त्यांना रखवालदार नव्हता, धनी नव्हता. एक रीत मात्र होती. झोपडीतून निघणाऱ्याने तीन गोष्टी मागे ठेवायच्या. कोपऱ्यात कोरड्या लाकडांची मोळी, पाण्याने भरलेला रांजण, आणि चुलीत शेणी घालून राखेखाली झाकलेला विस्तव. येणाऱ्याने राख बाजूला करायची, फुंकर घालायची आणि पेटवायची. याला मागल्याचा वाटा म्हणत. आपल्याला जे तयार मिळालं, ते पुढच्या माणसाला तसंच तयार मिळावं, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली झोपडी डोंगराच्या खांद्यावर होती आणि गावातून दिसायची. तिथला विस्तव नीट झाकलेला असला, की दुसऱ्या दिवशीही धुराची बारीक रेघ वर जाताना दिसे. आया लेकरांना ती रेघ दाखवून म्हणत, बघ, कोणी तरी गेलंय आणि ठेवून गेलंय.

निघालोबाची तयारी बघायला अर्धं गाव जमलं. ओझं कमी म्हणजे चाल जास्त, हा त्याचा हिशोब. त्याने पळीचा दांडा कापून टाकला. फणी मधोमध मोडून अर्धीच घेतली. पीठ मोजून बांधलं. वहाणांचे लोंबणारे बंदसुद्धा कातरले. आईने कोयता पुढे केला, तर तो म्हणाला, "हा केवढा जड! झोपडीत लाकडं आयती असतात की."

"आयती नसतात रे," आई म्हणाली. "कोणी तरी तोडलेली असतात."

"ते कोणी तरी तोडतंच आहे ना! मग मी कशाला वाहू?"

कोयता राहिला. फळी मात्र पाठीला बांधली, ती कोयत्याच्या दुप्पट जड होती. पण फळीवर त्याचा बेत होता, आणि आपल्याच बेताचं ओझं कोणाला वाटतं!

निघताना त्याने निरोप्याला विचारलं, "वाटेवर अजून कोणी आहे का?"

"कुणी नाही," निरोप्या म्हणाला. "थंडी पडली, हंगाम सरला. मीच शेवटचा. झोपड्या मी भरून आलोय."

हे उत्तर निघालोबाला फार आवडलं. कुणी नाही म्हणजे कुणाची अडचण नाही. आईच्या पायाला हात लावला न लावला, आणि गडी चढणीला लागला.

पहिल्या झोपडीत तो दुपारच्या आधीच पोचला. राखेखाली निखारे लाल होते, रांजण काठोकाठ होता. त्याने सगळी मोळी चुलीत घालून भाकरी भाजली, पोटभर पाणी प्याला, उरलेल्याने तोंड धुतलं. उठता उठता रिकाम्या कोपऱ्याकडे त्याची नजर गेली. लाकडं तोडायची म्हणजे खाली रानात उतरायचं. पाणी आणायचं म्हणजे घळीतल्या झऱ्यापर्यंत जायचं. अर्धा दिवस तिथेच जाणार.

"कुणासाठी?" तो मोठ्याने म्हणाला. "मागे कुणी नाही. मीही परत यायचा नाही." आणि निघाला.

खरं सांगायचं तर त्याच्या म्हणण्यात चूक काढणं सोपं नव्हतं. मागे खरंच कोणी नव्हतं. म्हणूनच तर ही गोष्ट सांगावी लागते.

वाट मोठी देखणी होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरीत तरंगणारं धुकं, वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं पिवळं गवत, मध्येच कड्यावरच्या पोळ्यांचा घुमणारा आवाज. निघालोबाने यातलं काही बघितलं नाही. तो फळी बघत होता. पहिल्या झोपडीत असताना त्याचं मन दुसरीत असायचं, दुसरीत पाठ टेकली की तिसरीत. पाय दुखायला लागले तर तो पायांवर चिडायचा. भाकरी चावायला वेळ लागतो म्हणून त्याने ती पाण्यात कुस्करून प्यायला सुरुवात केली. तिसरी झोपडी सगळ्यांत उंच खिंडीत होती. तिथे वारा इतका होता, की त्याने एका रात्रीत सगळी मोळी जाळली. चौथ्या झोपडीपासून राखेखालचे विस्तव विझलेले होते, कारण निरोप्याला जाऊन बरेच दिवस झाले होते. पण लाकडं होती, पाणी होतं, याच्याजवळ चकमक होती. पाचवी झोपडीही त्याने अशीच रिकामी केली आणि फळीवर पाचवी खूण पुसली. चार दिवसांत पाच मुक्काम मागे पडले होते, आणि त्याला एकट्यालाच हसू फुटत होतं.

पाचवी झोपडी सोडून तो थोडा पुढे आला, तर समोरून एक बाई येताना दिसली. डोक्यावर गाठोडं होतं, हातात काठी होती, आणि चालता चालता ती वाकून काटक्या वेचत होती. वाट अरुंद होती. निघालोबा लांबूनच ओरडला, "बाई, जरा कडेला व्हा! मी घाईत आहे!"

बाई थांबली. काठीवर भार देऊन तिने त्याच्याकडे पाहिलं.

"अजून घाईतच आहेस का रे?" ती म्हणाली.

तो आवाज त्याने बारा वर्षांत ऐकला नव्हता. तो ओरडला, "ताई!"

दोघं बराच वेळ रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. मग ताईने सांगितलं. निरोप धाडला खरा, पण आईला नुसता नमस्कार पाठवून गलबतात बसायचं तिच्या जिवावर आलं. दहा दिवस तिने सासरच्यांची विनवणी केली, तेव्हा ते कबूल झाले. पुनवेच्या आत परत ये, नाही तर गलबत थांबणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

"मी बोटांवर मोजलंय," ताई म्हणाली. "दहा दिवस यायचे, दहा दिवस जायचे, मधे चार दिवस आईजवळ. चार दिवस रे! आईच्या हातचं खाईन, तिच्या डोक्याला तेल लावीन, चाक फिरवीन. मला जन्मभर पुरतील. आणि आता तर काळजीच नाही. पुढच्या झोपड्या तू नुकत्याच भरून आला असशील, मग उशीर कशाला होतोय!"

निघालोबाच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे वाळलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो मागे वळला.

संध्याकाळी दोघं पाचव्या झोपडीत आली. ताईने सवयीने राखेत बोटं घातली. राख गार होती. रांजणात हात घातला, तर बुडाला नुसती ओल. कोपऱ्यात एक साल तेवढी पडलेली.

"कोण असा येऊन गेला गं बाई इथून?" ती म्हणाली.

निघालोबा म्हणाला, "मी लाकडं बघतो." आणि तोंड लपवून बाहेर गेला.

कोयता नव्हता. कारवीच्या ओल्या काठ्या हाताने मोडायच्या, त्या वाकायच्या पण तुटायच्या नाहीत. तळहात सोलून निघाले. धुक्याने भिजलेली लाकडं पेटता पेटेनात. ताईने वाटेत वेचलेल्या काटक्या होत्या म्हणून घोटभर पेज झाली, तीही पहाट होता होता. सकाळी झऱ्यापर्यंत जाऊन पाणी आणायचं, लाकडं गोळा करायची, यात ऊन कलतीला लागलं. इतक्या उशिरा निघून अंधाराच्या आत पुढची झोपडी गाठणं शक्य नव्हतं. एक दिवस तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी निघताना ताईने वेचलेली लाकडं कोपऱ्यात रचली, रांजण भरला, विस्तव झाकला.

"ताई, आधीच उशीर झालाय!" निघालोबा कळवळून म्हणाला. "आता मागे कोण येणार आहे?"

"मीच नाही का येणार?" ताई म्हणाली. "परत नको जायला?"

तो पाठीवरची फळी सावरत पुढे झाला.

चौथ्या झोपडीत तीच गत. तिथे ते उपाशीच झोपले, म्हणून दिवस तेवढा वाचला. तिसऱ्या झोपडीकडे चढताना अवकाळी पावसाची झड आली. खिंडीतल्या त्या झोपडीत पोचेपर्यंत ताई ओलीचिंब झाली होती आणि तिचे दात वाजत होते. चूल गार, कोपरा रिकामा. बाहेर कोरडी अशी एक काडी नव्हती. निघालोबा झोपडीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिला. आयुष्यभर तो असाच फिरला होता, पण आता जायला कुठे जागाच नव्हती. ताईच्या अंगाला हात लावला, तर अंग तापलं होतं.

तेव्हा त्याने पाठीवरची फळी सोडली. त्याच्या बेताची, नऊ खुणांची, सहा दिवसांची फळी. दगडावर आपटून त्याने तिचे तुकडे केले आणि चुलीत घातले. मग ताईची काठी घातली. मग अर्धी फणी घातली. त्या जाळावर त्याने पाणी तापवलं, ताईला पाजलं आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळत बसला.

"ताई," तो म्हणाला, "या झोपड्या मी रिकाम्या केल्या."

"माहीत आहे रे," ताई डोळे मिटूनच म्हणाली. "पहिल्या दिवशीच ओळखलं. लहानपणी पाणी प्यायचास आणि घागर उघडी टाकून पळायचास. मी मागून येऊन झाकायची."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तो तोंड फिरवून ढसाढसा रडला.

ताप उतरायला दोन दिवस लागले. तिथून निघताना निघालोबाने कोणी न सांगता कोपरा भरला, रांजण भरला. हात सोलले होते, तरी भरला. दुसऱ्या झोपडीत पुन्हा एक दिवस गेला. तिथे ताई उंबऱ्यावर बसून बोटांवर मोजू लागली. एकदा मोजलं, दोनदा मोजलं, मग हात पदराखाली घेतला.

"चारही गेले," ती हळूच म्हणाली. "आता घरी पोचायचं, आईच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि पाणीसुद्धा न पिता त्याच पावली फिरायचं. नाही तर गलबत जाईल." मग म्हणाली, "असू दे. बघायला तर मिळेल."

त्या 'असू दे'ने निघालोबाचं काळीज चिरलं. जाताना त्याने झोपडीगणिक अर्धा अर्धा दिवस वाचवला होता. तो वाचला नव्हता. त्याने तो ताईच्या आणि आईच्या ताटातून उचलला होता, आणि खाल्ला कोणीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती दोघं पहिल्या झोपडीच्या उताराला लागली. निघालोबा मान खाली घालून चालत होता. तिथे काय आहे ते त्याला ठाऊक होतं. गार राख आणि कोरडा रांजण. आपल्याच हाताने केलेलं बघायला वर कशाला बघायचं?

"अरे," ताई एकदम थांबून म्हणाली, "धूर!"

डोंगराच्या खांद्यावरून धुराची बारीक रेघ वर चढत होती. दोघं धावतच खाली उतरली. झोपडीच्या दारात मोळी रचलेली होती, आणि आत चुलीपुढे, मांडीवर कोयता घेऊन, आई बसली होती.

तिने आधी मुलाकडे पाहिलं. मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. हातातला कोयता खाली पडला. पुढे काय झालं ते मी सांगत बसत नाही. बारा वर्षांनी भेटलेल्या मायलेकींचं वर्णन करू नये, ज्याचं त्याने मनात आणावं.

सगळं शांत झाल्यावर निघालोबाने विचारलं, "आई, तू इथे कशी? आम्ही परत येणार हे तुला कसं कळलं?"

"मला कसं कळणार?" आई म्हणाली. "तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उभी राहिले, वर बघितलं, तर धूर नाही. तेव्हाच समजले. माझ्या लेकाने झोपडी रिकामी टाकली. घरात बसून भाकर गोड लागेना. कुणी येवो न येवो, रिकामी तर माझ्याच घरच्याने केली ना! म्हणून कोयता घेतला आणि टेकत टेकत दोन दिवसांनी इथवर आले. भरलं सगळं. पण चढलेले गुडघे उतरायला तयार होईनात, म्हणून विस्तव राखत बसले. शेजारची कुंभारीण पीठमीठ आणून देते."

निघालोबाने मान खाली घालून पडलेला कोयता उचलला. ताईने मात्र पुन्हा बोटं मोजायला घेतली आणि मोजता मोजता तिचा चेहरा उजळला. आई एक मुक्काम वर आली होती. घरी उतरायचा एक दिवस वाचला, पुन्हा इथवर चढायचा एक दिवस वाचला. मायलेकींना दोन दिवस मिळाले.

ते दोन दिवस त्या दगडी झोपडीत गेले. ताईने आईच्या डोक्याला तेल लावलं. आईने चुलीवर भाकरी थापल्या आणि ताईने त्या मोजून नाही, पोटभर खाल्ल्या. निघालोबा लाकडं तोडत होता, पाणी आणत होता, आणि मधून मधून उंबऱ्यावर बसून आतलं बोलणं ऐकत होता. दोन्ही दिवसांत तो एकदाही 'निघालो' म्हणाला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते ताईलाच म्हणावं लागलं.

आईला कुंभाराच्या गाढवावर बसवून खाली पाठवलं, आणि कोयता कमरेला लावून निघालोबा बहिणीला पोचवायला समुद्राकडे निघाला. या वेळी दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या झोपडीत त्यांनी स्वतःच ठेवलेल्या मोळ्या त्यांना मिळाल्या, आणि चौथीपुरती लाकडं निघालोबाने वाटेतच तोडून नेली. सहावीपासून पुढच्या झोपड्या ताईने येतानाच भरून ठेवल्या होत्या. एकाही ठिकाणी खोळंबा झाला नाही. पुनवेच्या आदल्या संध्याकाळी ती दोघं बंदरावर पोचली. सकाळी गलबत सुटलं. ताई डोलकाठीपाशी उभी राहून हात हलवत होती, आणि शीड ठिपक्याएवढं होईपर्यंत निघालोबा किनाऱ्यावरून हलला नाही.

मिठाचा तांडा तिथेच उभा होता. तांड्याचा नाईक म्हणाला, "चल, खालच्या रस्त्याने नेतो तुला."

"नको," निघालोबा म्हणाला. "माझी वाट वरून आहे."

तो त्याच पायवाटेने परत आला, पुन्हा एकदा. आणि गंमत बघा, वाट शिळी लागली नाही. झुकलेलं गवत त्याने या वेळी पाहिलं. पोळ्यांचा घुमणारा आवाज ऐकला. एकेका झोपडीत तो थांबला, लाकडं तोडली, रांजण भरला, विस्तव झाकला, आणि मगच पुढे झाला.

पुढे तेच त्याचं काम झालं. दोर वळायचा, आता नीट पीळ देऊन, मागे मागे जात. आणि हंगाम सरला, की कोयता घेऊन वर जायचा. गावाने त्याचं नाव काही बदललं नाही. गाव तसं आळशीच असतं.

आई त्यानंतर दोन पावसाळे जगली. संध्याकाळी चाकाजवळ बसून ती ताईची आठवण काढायची आणि म्हणायची, "दोन दिवस होती माझी लेक माझ्याजवळ. पूर्ण दोन दिवस!" हे ती फार आनंदाने सांगायची. निघालोबा मात्र तेव्हा उठून अंगणात जायचा आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहायचा, कारण ते दिवस चार होते, हे त्याने आईला कधीच सांगितलं नाही.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: मागून कोणी येत नाही असं समजून आपण जे रिकामं करून जातो, ते शेवटी आपल्याच माणसांना रिकामं सापडतं.